ट्रंकेतला झेंडा कुणाचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सातारा जिल्ह्यातल्या, घरटी एक माणूस फौजेत असलेल्या गावातून हे पत्र आलं आहे. पत्रलेखकाचे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये हवालदार होते. मार्च १९४४ मध्ये ते मणिपुरात सांगशाकला लढले आणि जपानच्या शरणागतीनंतर पलटणीबरोबर मलायात गेले. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत तीन जपानी वस्तू आहेत. लाल गोळ्याचा रेशमी झेंडा, त्यावर काळ्या शाईनं दाट लिहिलेलं. लाल दोऱ्याच्या गाठींनी भरलेला एक कापडी पट्टा. आणि एक तलवार, जिची दरवर्षी दसऱ्याला पूजा होते. झेंडा आणि पट्टा सांगशाकचे, तलवार मलायातली, असं घरात सांगत आले आहेत. आता घराची वाटणी निघाली आहे. चुलत भाऊ म्हणतो, सगळं बेळगावला पलटणीच्या संग्रहालयात द्या. पुण्यात जपानी शिकणारी पुतणी म्हणते, झेंड्यावर एका माणसाचं नाव आहे, तो त्याच्या घरी गेला पाहिजे. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी तिन्हींचे मिळून दीड लाख द्यायला तयार आहे. पत्रलेखक विचारतात: ‘आजोबांनी जिवावर उदार होऊन मिळवलेली निशाणी परत करायची, म्हणजे त्यांनी चोरी केली असं आपणच कबूल करायचं का? आणि इंग्रज आपली वाघनखं तीन वर्षांसाठी उसनी देतात, तर आम्हीच एवढं मोठं मन का दाखवावं?’

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्रात ‘आजोबांची निशाणी’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी तिन्ही वस्तूंना मिळून येतात. घरात तीन मतं पडण्याचं कारण मला तिथंच दिसतं. झेंडा, पट्टा आणि तलवार एका ट्रंकेत राहिल्या म्हणून एका जातीच्या होत नाहीत. तिन्हींचा निकाल एकच लागला पाहिजे, असंही कुणी तुमच्यावर लादलेलं नाही.

आधी ‘जिंकलं ते आपलं’ ही समजूत पाहू. ती अर्धीच खरी आहे. रणांगणावर हाती लागलेली शत्रूची सरकारी मालमत्ता, म्हणजे तोफा, दारूगोळा, गाड्या, ही जिंकणाऱ्या सरकारची होते, असा जुना रिवाज आहे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातला, युद्धात हाती लागलेला पॅटन रणगाडा पाकिस्तानला परत करा, असं म्हणूनच कुणी म्हणत नाही. पण हा हक्क सरकारचा असतो. ज्या जवानाच्या हाती वस्तू लागली त्याचा नव्हे. शिवाय १९०७ च्या हेग नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे की हत्यारं, घोडे आणि लष्करी कागद सोडले तर कैद्याच्या अंगावरच्या खाजगी वस्तू त्याच्याच राहतात. १९२९ च्या जीनिव्हा करारानं एक पाऊल पुढं टाकलं: रणांगणावर किंवा मृतांजवळ सापडलेल्या खाजगी वस्तू गोळा करून शत्रुपक्षाकडे पोचवायच्या. जखमी आणि आजारी सैनिकांविषयीचा हा करार जपाननंही मान्य केला होता. मणिपूरच्या डोंगरात १९४४ साली तो पाळण्याच्या स्थितीत कोण होतं, हा भाग वेगळा.

थोडक्यात, तुमच्या ट्रंकेत कायद्याची रेघ बरोबर झेंडा आणि तलवार यांच्या मधून जाते.

आता झेंडा धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर पसरा, पंखा बंद करून. पलटणीचा किंवा सरकारी झेंडा असा लिहून भरलेला नसतो. याला जपानीत ‘योसेगाकी हिनोमारू’ म्हणतात. पोरगा भरतीला निघाला की घरचे, शेजारी, शाळेतले मास्तर, कामावरचे सोबती अशा झेंड्यावर सह्या करून देत. सह्या बहुतेक वेळा लाल गोळ्याभोवती सूर्यकिरणांसारख्या पसरलेल्या असतात. वरच्या बाजूला किंवा कडेला ठळक चार अक्षरं दिसतील: ‘बु-उन चोक्यू’. लढाईत नशीब दीर्घकाळ साथ देवो, असा त्याचा अर्थ. कोपऱ्यांना चामड्याचे किंवा कापडाचे तिकोनी तुकडे शिवलेले असतात, त्यातून बांधायच्या दोऱ्या जातात. कुठं चौकोनी लाल शिक्का असेल तर तो देवळाचा. आणि एका कडेला, बाकीच्या सह्यांपेक्षा मोठ्या अक्षरात, ज्याला झेंडा दिला त्याचं नाव. तुमच्या पुतणीनं वाचलं ते हेच असावं. हा झेंडा घडी करून जवान गणवेशाच्या आत, अंगाला लागून ठेवत. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर आख्ख्या आळीनं सह्या करून पोराच्या खिशात घातलेला रुमाल.

पट्टा त्याहून घरगुती. तो ‘सेन्निनबारी’, हजार टाक्यांचा पट्टा. आई, बायको किंवा बहीण रस्त्यावर, स्टेशनबाहेर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना एकेक गाठ घालायला सांगे. हजार बायकांच्या हजार गाठी. जपानी पंचांगातल्या व्याघ्रवर्षात जन्मलेल्या बाईला मात्र आपल्या वयाइतक्या गाठी घालायची मुभा असे, कारण वाघ लांब गेला तरी घरी परततो अशी समजूत. पट्ट्यात कुठं चकतीसारखं कडक लागतं का, ते बोटानं चाचपून पाहा. पाच सेनचं नाणं शिवलेलं असू शकतं. जपानीत ‘चार सेन’ आणि ‘मरणाची रेघ’ यांचा उच्चार एकच, शिसेन. पाच म्हणजे त्या रेघेच्या पलीकडे. ते नाणं उसवून काढू नका.

मग आजोबांनी चोरी केली का? या प्रश्नात एक गृहीत दडलं आहे: परत करणारा गुन्हा कबूल करतो. सांगशाकला काय घडलं ते आठवा. २२ ते २६ मार्च १९४४, पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्याबरोबर तुमच्या आजोबांची बटालियन. पाणी जवळजवळ नाही, खडकाळ जमिनीत खंदक खणता येत नाहीत, आणि समोर कोहिमाकडे निघालेल्या जपानी ३१ व्या डिव्हिजनची ५८ वी रेजिमेंट. त्या लढाईत एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ सापडलेल्या नकाशावरून शत्रूचा बेत कळला आणि तो इंफाळला पोचवला गेला. मृतांची झडती घेणं हे तिथं कामच होतं. झडतीत झेंडे निघत, आणि लिहिलेला प्रत्येक कपडा कुणी वाचेपर्यंत कागदपत्रच समजला जाई. नंतर तो कुणाच्या पिशवीत राहिला, कुणी सिगरेटच्या बदल्यात दिला, कुणी सोबत्याची आठवण म्हणून ठेवला. तुमच्या आजोबांकडे तो कसा आला हे तुम्ही लिहिलेलं नाही, बहुधा तुम्हालाही ठाऊक नसेल. मग ते चोर ठरत नाहीत, तसा पराक्रमाचा पुरावा म्हणूनही झेंडा पुढं करता येत नाही. सांगशाकला ते टिकून राहिले, हा त्यांचा पराक्रम. त्याला झेंड्याची साक्ष लागत नाही.

तिकडच्या घराची बाजू मोजक्या आकड्यांत सांगतो. जपानबाहेर मेलेल्या सुमारे २४ लाख जपान्यांपैकी ११ लाखांहून अधिक जणांचे अवशेष अजून मायदेशी पोचलेले नाहीत. अनेक घरांना पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी मिळाली. आत दगड किंवा नाव लिहिलेला कागद. हे दुःख फक्त त्यांचंच नाही. ब्रह्मदेशात टाउक्यानच्या रंगून स्मारकावर, ज्यांची कबरच नाही अशा सुमारे २७ हजार सैनिकांची नावं कोरली आहेत. त्यांत आपल्याकडचे किती जण असतील याचा अंदाज तुमच्या गावाला मी काय सांगावा. तुमच्याच आळीतल्या एखाद्या घराला, आजोबांच्या बरोबरीच्या कुणाचा गळ्यातला ताईत उद्या निइगाताहून टपालानं आला, तर त्या घराला काय वाटेल?

निइगाताचं नाव मुद्दाम घेतलं. जपानी रेजिमेंटी प्रांतवार भरल्या जात आणि ५८ वी रेजिमेंट निइगाता प्रांतातल्या ताकादाची. झेंडा खरोखर सांगशाकचा असेल तर शोध जपानभर न करता एका प्रांतापासून सुरू करता येतो. ‘असेल तर’ हे मात्र लक्षात ठेवा. झेंडे हातोहात बदलले जात आणि विकायला नकलीही बनवल्या जात. म्हणून ‘सांगशाकला मिळाला’ असं ठाम न लिहिता ‘सांगशाकला मिळाला असं घरात सांगत’ असं लिहा. पहिल्या वाक्यानं शोध घेणारा चुकीच्या प्रांतात वर्षभर फिरेल.

आता वाघनखं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयावर १९८३ चा कायदा लागू आहे. संग्रहातली वस्तू कायमची देऊन टाकायला तो जवळपास वावच ठेवत नाही. म्हणून २०२४ मध्ये साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या बोलीवर. त्यातही, ही अफझलखानाच्या भेटीतलीच वाघनखं असं सिद्ध करता येत नाही, हे ते संग्रहालय स्वतःच सांगतं. या उदाहरणातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. वस्तू एकदा मोठ्या संस्थेच्या नोंदवहीत चढली की ती बाहेर काढणं दात काढण्याहून अवघड. आणि वस्तूचा माग कागदावर नसेल तर कितीही मोठी वस्तू ‘म्हणतात’ या शब्दावरच लटकत राहते. तुमच्या हातापायांना १९८३ चा कायदा बांधलेला नाही. इंग्रजांना जे करता येत नाही असं ते म्हणतात, ते तुम्हाला एका दुपारी करता येतं. यात मनाचा मोठेपणा कमी आणि सोय जास्त आहे.

आणि लुटले गेलो ते नेहमी आपणच, ही समजूतही जरा सैल करा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर आल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आहे. नाशिकची नारोशंकराची घंटा त्याच मोहिमेतली, भीमाशंकरची त्याच मोहिमेतली. या घंटा उतरवा असं मी म्हणत नाही. चर्चची सामुदायिक वस्तू, पावणेतीनशे वर्षांची पूजा, बदललेलं गाव, सगळंच वेगळं आहे. पण वसईकडचा कुणी उद्या विचारायला आला तर त्याला आपण काय उत्तर देऊ, ते मनात तयार ठेवायला हरकत नाही.

लष्करी संग्रहालयं परत करतच नाहीत, असंही नाही. अबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, १८६८ मध्ये इंग्रजांची जी फौज गेली ती मुंबईहूनच निघालेली, सेनापती नेपिअर. मॅगदालाचा गड पडल्यावर सम्राट तेवोद्रोसनं शरण न जाता स्वतःवर गोळी झाडली. गडावरची लूट हत्ती-खेचरांवर लादून नेऊन लिलावात काढली. सम्राटाच्या केसांची बट मात्र वेगळ्या वाटेनं गेली: मृत्युशय्येवर त्याचं चित्र काढणाऱ्याच्या घरी राहिली, त्या घराण्यानं १९५९ मध्ये लंडनच्या राष्ट्रीय लष्कर संग्रहालयाला दिली, आणि संग्रहालयानं मार्च २०१९ मध्ये ती इथिओपियाला सोपवली, सम्राटाच्या अवशेषांबरोबर विसावण्यासाठी. घराण्यानं चांगल्या भावनेनं दिलेली वस्तू, आणि साठ वर्षांनी संग्रहालयाला ती ठेवणं जड झालं. चुलत भावाला हे जरूर सांगा. अंगाला लागून राहिलेली, रक्ताचे डाग असू शकतील अशी वस्तू आज पलटणीला दिली, तर हाच पेच तुमच्या नातवंडांच्या काळात पलटणीपुढं येईल, आणि तेव्हा निर्णय तुमच्या हातात नसेल.

म्हणून माझं मत उघड सांगतो. झेंडा आणि पट्टा यांचा माग काढा, घर सापडलं तर पाठवा. तलवार बेळगावला द्या. आजोबांची कथा दोन्हीकडे जाऊ द्या.

तलवारीबद्दल तुमच्या घरात कुणाला शंका नाही, पण सगळ्यात जास्त घोटाळे तिच्यातच होतात. प्रथम ती कोणती ते पाहा. मूठ ओतीव धातूची असेल, दोरी गुंडाळल्याचा नुसता आकार आणि रंग असेल, आणि पात्यावर मुठीजवळ आकडे ठोकलेले असतील, तर ती १९३५ च्या नमुन्याची, कारखान्यात बनलेली, हवालदार-नाईकांना सरकारातून मिळणारी तलवार. तेच आकडे म्यानावर असले तर जोडी अस्सल. मूठ खरोखर दोरीनं गुंडाळलेली, खाली खरखरीत माशाचं कातडं आणि आरपार बांबूची बारीक खुंटी असेल, तर ती अधिकाऱ्याची. अधिकारी तलवार स्वतःच्या पैशानं घेत आणि त्यांतले काही घराण्यातलं जुनं पातं लष्करी मुठीत बसवून आणत. म्हणजे बाहेरून १९४० ची दिसणारी तलवार आतून तीनशे वर्षांची असू शकते. खरं वय मुठीच्या आत, पात्याच्या शेपटावर दिसतं; कारागिराची सही असली तर तिथंच. खुंटी खिळा-हातोडीनं ठोकायला जाऊ नका, मूठ फाटते. शेपटावरचा काळपट गंज तर कधीच घासू नका. तज्ज्ञ त्या गंजाच्या रंगावरूनच वय ओळखतात. तो घासला की पुरावा गेला.

पातं शंभर वर्षांहून जुनं निघालं तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. मग ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. तुमच्या दीड लाखवाल्याला तो परवाना दाखवायला सांगा. बहुधा पुढचा फोन येणार नाही. पातं नवं निघालं तरी ते जपानला पाठवू नका. जपानच्या १९५८ च्या कायद्यानं तिथं फक्त परंपरेनं हातानं घडवलेल्या, कलामूल्य असलेल्या तलवारींची नोंद होते. कारखान्यातली तलवार नोंदणीत बसत नाही. ती जप्त होऊन नष्ट व्हायची शक्यता मोठी. सद्भावनेनं पाठवलेली तलवार कटरखाली जायची, म्हणजे दोन्ही घरं हळहळणार. ट्रंकेत तलवारीबरोबर लाकडाची किंवा कापडाची चिठ्ठी आहे का, तेवढं शोधा. शरणागतीत काही अधिकारी आपलं नाव-पत्ता लिहून मुठीला बांधत. तशी चिठ्ठी असेल तर निदान घराण्याला फोटो पाठवता येईल.

इथला कायदाही विसरू नका. शस्त्र कायद्याखाली नऊ इंचांहून लांब पात्याच्या तलवारीला, शासनानं अधिसूचित केलेल्या भागात परवाना लागतो. पोलीस ठाण्यात फोटोसह साधा अर्ज द्या: वस्तू कुणाची, कशी आली, कुठं द्यायची आहे. पोच घ्या. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला आधी पत्र लिहा, ‘वस्तू घेऊन या’ असं त्यांचं लेखी उत्तर हातात येऊ द्या, आणि मगच निघा. धोतरात गुंडाळून एसटीच्या टपावर टाकून निघालात तर निपाणीच्या आसपास कुणाला तरी पटवून देत बसावं लागेल.

संग्रहालयाशी बोलताना लाजू नका. बक्षीसपत्र लेखी करा आणि नोंदवहीतला क्रमांक मागा. तलवार मांडणार की कोठारात ठेवणार, फलकावर काय लिहिणार, पुढं कधी त्यांना ती काढून टाकायची झाली तर आधी तुम्हाला विचारणार का, हे विचारा. फलकाचा मजकूर तुम्हीच लिहून न्या, चाळीस-पन्नास शब्दांत: नाव, हुद्दा, बटालियन, गाव, तालुका, वस्तू कुठं मिळाली असं घरात सांगत. मजकूर दिला नाही तर ‘जपानी तलवार, दुसरं महायुद्ध’ एवढीच पट्टी लागेल आणि आजोबा तिथून कायमचे गायब होतील. पलटणीच्या संग्रहालयात येणारा मुख्य प्रेक्षक म्हणजे नवा रंगरूट. त्याला त्याच्याच तालुक्याचं नाव दिसलं तर तो दोन मिनिटं जास्त थांबेल.

आणि दसरा. हळद-कुंकू ओलं असतं; पात्यावर लागलं की वर्षभर तिथं गंज खातो. तुमच्या पात्यावर ठिपक्या-ठिपक्यांचा गंज असेल तर तो बहुतेक पूजेचाच. पातं मऊ कोरड्या कापडानं पुसा, शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, बोटं लावू नका, पितांबरी किंवा ब्रासो तर नकोच. धार लावून आणायचा मोह कुणाला झाला तर त्याला ट्रंकेपासून दूर ठेवा. यंदा ती घरीच असली तर खाली पाट ठेवून पाटाला कुंकू लावा.

झेंड्याकडे परत येऊ. तो धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका, काचेत बसवून दिवाणखान्यात टांगू नका. लाल रंग पाण्यात फुटतो आणि रेशीम उजेडानं कुजतं. संग्रहालयं अशा कापडावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत, तुमच्या ओसरीवर तो कित्येक पटींनी जास्त असतो. ऐंशी वर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच तुटतं. म्हणून धुतलेलं, खळ गेलेलं मांजरपाट जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा आणि त्यावर झेंडा सैल गुंडाळा. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, ऊन नसलेल्या कोरड्या खोलीत उघडून बुरशी आणि कसर पाहा.

फोटो असे काढा: खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, मोबाईल झेंड्याच्या बरोबर वर. एक पूर्ण फोटो, मग झेंड्याचे तीन बाय तीन असे नऊ भाग कल्पून प्रत्येकाचा वेगळा, चारही कोपरे, मागची बाजू. एका फोटोत शेजारी फूटपट्टी. नाव वाचायचं काम पुतणीवर एकटीवर टाकू नका. कुंचल्याचं वळणदार लिखाण आणि युद्धापूर्वीची जुनी अक्षरं आजच्या जपानी माणसालाही अडतात. शिवाय एकच नाव दोन-तीन प्रकारे उच्चारता येतं, आणि पत्ता बहुतेक झेंड्यांवर नसतोच. शोधणारे जाणकार सह्यांमधल्या आडनावांवरून, शाळेच्या किंवा गिरणीच्या नावावरून, देवळाच्या शिक्क्यावरून गाव काढतात.

हे काम करणारी संस्था म्हणजे अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या ॲस्टोरियाची ओबोन सोसायटी. सुरुवात फक्त फोटोंवर होते, पैसे घेत नाहीत. दुसरी वाट सरकारी: जपानचं आरोग्य, श्रम आणि कल्याण मंत्रालय अशा वस्तूंचे वारस शोधतं. मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाला फोटोंसह पत्र लिहून विचारा. एका वेळी एकच वाट धरा. दोन ठिकाणी एकदम दिलंत तर एकाच म्हातारीच्या दारात दोन माणसं उभी राहतील. महिने लागतील, कधी वर्षं, आणि बऱ्याच झेंड्यांचा माग शेवटपर्यंत लागत नाही. घर सापडलं तरी ते ‘नको’ म्हणू शकतं. काहींना जुनी जखम उघडायची नसते. तो त्यांचा हक्क. म्हणूनच ते नाव दिसेल असा फोटो पुतणीनं फेसबुक-इन्स्टावर टाकू नये. घरच्यांना आधी कळलं पाहिजे, तेही खाजगीत.

पाठवायची वेळ आली तर एक अडचण येऊ शकते. १९७२ च्या कायद्यात पुरावस्तूची मर्यादा शंभर वर्षांची असली तरी ऐतिहासिक मूल्याच्या हस्तलिखिताला आणि दस्तऐवजाला ती पंचाहत्तरच आहे. झेंडा अजून शंभरीत नाही, पण त्यावर लिहिलेलं आहे, म्हणून एखादा कस्टम अधिकारी शंका काढू शकतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला आधीच मागा, म्हणजे पार्सल विमानतळावर अडकून पडणार नाही.

घर सापडलं नाही तर? तेव्हा बेळगावच्याही आधी मी इंफाळचं नाव घेईन. नंबोलजवळ, लाल टेकडीच्या पायथ्याशी २०१९ मध्ये शांतता संग्रहालय उघडलं आहे, जपानी मदतीनं; मणिपुरी लोकांच्या आठवणीही तिथं आहेत. या सगळ्या वादात तुमच्या घरानं आणि जपानी घरानं मिळून ज्यांना विसरलं ते तिसरे हेच: सांगशाक हे तांगखुल नागांचं गाव. दोन परक्या साम्राज्यांची लढाई त्यांच्या शेताघरांवरून गेली, आणि त्यांना निशाणी म्हणून मिळाले ते खंदक आणि काडतुसं. झेंडा त्या मातीजवळ राहिला तर ते मला अडगळीच्या कपाटापेक्षा बरं वाटतं.

वाटणीचं काय, तेही उरलं. वस्तू आजोबांच्या, म्हणजे सगळ्या वारसांच्या. आत्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्याही. एका संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या घ्या, तिन्ही वस्तूंची वेगवेगळी ओळ करून. झेंडा जाण्याआधी त्याचा मूळ मापाचा फोटो सुती कापडावर छापून घ्या, दोन प्रती: एक चुलत भावाला बेळगावच्या तलवारीशेजारी ठेवायला, एक तुमच्या भिंतीवर. त्या छापील झेंड्याला उजेड चालतो. मूळ झेंड्याबरोबर एक पानाचं पत्र जाऊ द्या, मराठीत, खाली पुतणीनं केलेलं जपानी भाषांतर: आजोबांचं नाव, ते परत आल्यावर काय करत, झेंडा घरात कुठं आणि कसा ठेवला होता. माफीचं वाक्य घालायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी घातलं नसतं. आजोबांचा गणवेशातला एक फोटो मात्र घातला असता, मागं तारीख आणि गावाचं नाव लिहून.